अमेरिकेत जुनी सुबारू आउटबॅक घेताना आणि सांभाळताना

बर्फ पडणाऱ्या राज्यात नव्यानं आलेल्या कुटुंबाला पहिली गाडी म्हणून आउटबॅक घ्या, असं कुणी ना कुणी सांगतंच. सल्ला चांगला आहे. अर्धवट मात्र असतो, कारण चारही चाकांना ताकद देणारी गाडी कशी सांभाळायची हे त्यासोबत कुणी सांगत नाही. साध्या गाडीला एक टायर बदलून भागतं, हिला बऱ्याचदा भागत नाही. ते माहीत नसल्यानं लोकांचे हजारो डॉलर गियरबॉक्समध्ये जातात. म्हणून या लेखात टायरांना सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

१. आधी ठरवा, ही गाडी तुमच्यासाठी आहे का

डॅलस किंवा फिनिक्सला राहत असाल आणि डोंगरात जाणं वर्षातून एकदाच होत असेल, तर पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी घ्या. पेट्रोल कमी लागेल, टायरही स्वस्त पडतील. डेन्व्हर, बॉस्टन, बफेलो, मिनिआपोलिस, सिअ‍ॅटलच्या आसपासचा डोंगराळ भाग, अशा ठिकाणी आउटबॅक आपली किंमत वसूल करते.

घरच्यांसाठी तिची बसण्याची उंची फार सोयीची आहे. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले तर गुडघेदुखी असलेल्या माणसाला सेडानमध्ये वाकून शिरावं लागतं आणि मोठ्या एसयूव्हीत चढावं लागतं. हिच्यात माणूस खुर्चीवर टेकावं तसा सरळ बसतो. तळ जमिनीपासून ८.७ इंच वर असला तरी डिकीचा काठ खाली आहे, त्यामुळे बाळाची ढकलगाडी किंवा तांदळाची वीस पौंडांची पिशवी छातीपर्यंत उचलावी लागत नाही. मागच्या सीटवर पाय ऐसपैस पसरतात.

तक्रारीही ऐकून ठेवा. २.५ लिटरचं इंजिन पाच माणसं आणि सामान घेऊन महामार्गावर शिरताना दमतं. २०१३ आणि २०१४ च्या गाड्यांत १७३ अश्वशक्ती आहे, २०१५ ते २०१९ च्या गाड्यांत १७५, २०२० पासून १८२. सीव्हीटी (ठरावीक टप्प्यांचे गियर नसलेल्या ऑटोमॅटिक) गियरबॉक्समुळे जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन एकाच सुरात घोंघावत राहतं. २०२० नंतरच्या बहुतेक मॉडेलांत ११.६ इंची पडदा आहे आणि एसीची बरीच बटणं त्या पडद्यात गेली आहेत. हातमोजे घालून ती दाबताना वैताग येतो.

२. कोणत्या सालची घ्यायची

२०१० ते २०१२: २.५ लिटरचं जुनं ईजे इंजिन. याला टायमिंग बेल्ट असतो आणि तो १,०५,००० मैल किंवा १०५ महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचा असतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन कामातून जातं. मालक ‘बेल्ट बदललाय’ म्हणाला तर पावती मागा. त्या पावतीत वॉटर पंप आणि आयडलर पुलीही दिसायला हव्यात. या इंजिनांचं दुसरं दुखणं म्हणजे हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यातली सील.

२०१३ आणि २०१४: एफबी इंजिन आलं, बेल्ट जाऊन साखळी आली. पण पहिल्या वर्षीच्या इंजिनांची ऑइल पिण्याची तक्रार गाजली होती. २०१३ ची गाडी घेत असाल तर ऑइलचा हिशेब विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२०१५ ते २०१९: कुटुंबासाठी माझं मत या गाड्यांना. त्यातही शेवटची दोन वर्षं. पेट्रोल गॅलनला सरासरी २८ मैलांच्या आसपास आणि साधं ८७ ऑक्टेन चालतं. ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन दमदार आहे, पण सरासरी २२ वर येते.

२०२० ते २०२५: जास्त शांत, जास्त मोठी डिकी, टर्बोचा पर्याय. २०२६ पासून कंपनीनं आकार चौकोनी एसयूव्हीसारखा केला. वॅगनची ठेवण आवडत असेल तर ती २०२५ पर्यंतच.

काही वर्षांच्या सीव्हीटीची वॉरंटी कंपनीनं १० वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. हाती असलेल्या गाडीला ती लागू आहे का, हे अधिकृत डीलरला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) सांगून विचारा. फोनवर पाच मिनिटांत कळतं.

३. सोबत काय न्यायचं

गाडी बघायला जाताना पिशवीत एवढं हवं:

- टायरच्या नक्षीची खोली मोजायचा गेज आणि शिंप्याची मऊ टेप
- हवेचा दाब बघायचा गेज
- ओबीडी-२ स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारं यंत्र (वीस-तीस डॉलरचं पुरतं)
- चांगला टॉर्च आणि जुना टॉवेल, गाडीखाली वाकायला
- एक क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) आणि २००८ च्या आधीची एक पेनी (१ सेंटचं नाणं); कशासाठी ते पुढे

कागदांत तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स, विम्याचं कोटेशन आणि पैशाची सोय. नव्यानं आलेल्याला क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे डीलर देईल त्या व्याजावर सही करण्याआधी एखाद्या क्रेडिट युनियनकडून कर्जाची पूर्वमंजुरी घेऊन ठेवा. व्हिसावर असाल तर बहुतेक राज्यांत लायसन्सची मुदत तुमच्या आय-९४ शी (अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्या नोंदीशी) बांधलेली असते. ती संपायला आली असेल तर आधी ते काम उरका.

४. गाडी उभी असताना काय तपासायचं

मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड हवं. तुम्ही पोहोचाल तेव्हा बॉनेट गरम लागलं तर काहीतरी झाकायचं असण्याची शक्यता धरा आणि दुसऱ्या दिवशी या.

व्हीआयएन डॅशबोर्डवर, दाराच्या खांबावर आणि टायटलच्या (मालकीच्या) कागदावर एकच असायला हवा. अमेरिकेत इंडियानातल्या लाफायेतला बनलेल्या आउटबॅकचा व्हीआयएन ४एस४ नं सुरू होतो. दहावं अक्षर साल सांगतं: एफ म्हणजे २०१५, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. हाच नंबर एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की न केलेले रिकॉल फुकट दिसतात.

ऑइलची पट्टी ओढून बघा. मग कूलंटच्या बाटलीत टॉर्च मारा. तपकिरी साय किंवा तेलाचा तवंग दिसला तर ती गाडी तिथेच सोडा. ईजे इंजिनात दोन्ही बाजूंना, हेड जिथे ब्लॉकला जोडलंय तिथे खालून ओलसर काळपटपणा आहे का, ते वाकून बघा. हेड गॅसकेटची गळती बहुतेकदा तिथून बाहेर झिरपते.

पुढच्या अ‍ॅक्सलची रबरी बुटं हात लावून बघा. एक्झॉस्टजवळचं आतलं बूट उष्णतेनं लवकर सुकतं, तडकतं आणि ग्रीस गरम पाइपवर उडतं. गाडी थांबवल्यावर जळका वास येतो तो याचाच. ही दुरुस्ती मोठी नाही, पण किंमत पाडून मागायला ठीक.

डिकीतला तळ उचला आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बघा. वाळलेला गाळ, गंज किंवा कुबट वास असेल तर गाडी पुरात उभी असल्याची शक्यता धरा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का तेही बघा.

स्कॅनर लावल्यावर फक्त ‘एरर नाही’ वाचून समाधान मानू नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते सांगणाऱ्या नोंदी) बघा. बरेच मॉनिटर ‘नॉट रेडी’ असतील तर कुणीतरी काल-परवा इंजिनचा दिवा पुसला आहे किंवा बॅटरी काढली आहे.

५. फेरी मारताना

आधी रेडिओ बंद करा. थंड गाडी चालू करून डीमध्ये टाका आणि सिग्नलला थांबताना इंजिन धडधडतं किंवा बंद पडायला बघतं का, ते अनुभवा. २०१० ते २०१२ च्या सीव्हीटीत असं होत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवर संशय घ्या.

मग कोरडं, रिकामं पार्किंग शोधा. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून चालण्याच्या वेगानं चार-पाच वर्तुळं काढा, मग दुसऱ्या बाजूला. गाडी लोण्यासारखी फिरली पाहिजे. ती अडखळत असेल, मागून कुणी धरून ओढल्यासारखे गचके देत असेल, तर मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारा क्लच अडकतोय किंवा टायर जोडीचे नाहीत. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि फारच थोडे लोक ती करतात.

महामार्गावर साठच्या वर घूं घूं आवाज वाढत गेला आणि लेन बदलताना त्याचा सूर बदलला, तर बेअरिंग गेलंय. शेवटी दहा मिनिटं गाडी उभी ठेवून हीटर पूर्ण चालू करा. गरम हवा मध्येच थंड होत असेल तर कूलंटमध्ये हवा शिरते आहे. ईजे इंजिनात हे वाईट लक्षण.

इतकं सगळं बरोबर निघालं तरी सुबारूचं काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. दीड-दोनशे डॉलर लागतात. मालक तपासणीला नाही म्हणाला तर तुमचं उत्तरही नाहीच.

६. व्यवहार

खासगी मालकाकडून घेताना टायटलवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र जुळलं पाहिजे. टायटलवर बँकेचा बोजा असेल तर तो फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. टायटलवर कुठेही खाडाखोड किंवा पांढरी शाई चालत नाही. चुकीच्या जागी सही झाली तरी नवं टायटल काढावं लागू शकतं, म्हणून बँकेत किंवा थेट डीएमव्हीच्या (वाहन नोंदणी कार्यालयाच्या) दारात भेटून भरा. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांना २० वर्षं होईपर्यंत मैलांचा आकडा लेखी जाहीर करणं बंधनकारक आहे. तो रकाना कोरा ठेवू देऊ नका.

नंबर प्लेटचा नियम राज्यागणिक वेगळा. न्यू जर्सीत प्लेट जुना मालक काढून घेतो, कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीसोबत राहते. विमा गाडी ताब्यात घेण्याआधी सुरू झालेला हवा.

७. टायर: इथे चूक करू नका

आउटबॅकमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल सीव्हीटीच्या मागे बसवलेल्या एका क्लचनं जोडलेले असतात. चाकांचा वेग वेगळा असला की हा क्लच घसरून तो फरक पचवतो. वळणावर थोडा वेळ घसरणं हे त्याचं कामच आहे. पण एक टायर नवा आणि तीन झिजलेले असतील तर तो सरळ रस्त्यावरही, तासन्‌तास, घसरतच राहतो. तापतो, तेल जळतं, आणि शेवटी बिल गियरबॉक्सचं येतं.

कंपनीची मर्यादा अशी की चारही टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. दुकानदार घेराची नाही, नक्षीच्या खोलीची भाषा बोलतो, म्हणून हिशेब समजून घ्या. खोलीत १/३२ इंच फरक पडला की घेरात साधारण ०.२ इंच पडतो. २/३२ फरक झाला की घेरातला फरक ०.४ इंचाच्या जवळ जातो, म्हणजे मर्यादेबाहेर. ‘२/३२ पर्यंत चालतं’ असं दुकानात सर्रास सांगतात. सुबारूला ते लागू करू नका. शंका असेल तर चारही टायरांत सारखी हवा भरून शिंप्याची टेप नक्षीच्या मधोमध गुंडाळून घेर मोजा. गाडी जॅकवर असतानाच हे नीट जमतं.

नव्या टायरची खोली १०/३२ ते ११/३२ असते. समजा तुमचे टायर ७/३२ वर आले आणि एकाची बाजू खिळ्यानं फाटली. बाजूचं पंक्चर निघत नाही, टायर बदलावाच लागतो. आता रस्ते तीन:

अ) त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा एक नवा टायर घेऊन तो ७/३२ पर्यंत तासून घ्यायचा. टायर तासून देणारे विक्रेते अमेरिकेत आहेत, ऑनलाइन मागवतानाही ही सोय मिळते. चारही बदलण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त.
आ) तितकाच झिजलेला, त्याच मॉडेलचा वापरलेला टायर शोधायचा. त्याच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुना असेल तर नको.
इ) चारही बदलायचे. बाकीचे ५/३२ च्या खाली असतील तर डोकं न खाजवता हेच करा.

दोन नवे मागे आणि दोन जुने पुढे, हा सल्ला साध्या गाडीसाठी ठीक. इथे तो सरळ चुकीचा आहे, कारण फरक नेमका दोन अ‍ॅक्सलांमध्येच पडतो. टायर घेताना खड्डे-खिळ्यांचा विमा देऊ करतात. एरवी मी तो नको म्हणेन, आउटबॅकला मात्र घ्या. फक्त अटीत बघा, की ते एकच टायर देणार आहेत की चौघांची जुळणी करून देणार आहेत.

झीज सारखी राहावी म्हणून दर ६,००० मैलांना टायरांच्या जागा आपापसांत बदला, ऑइल बदलतानाच. हवेचा दाब दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. नट १९ मिलिमीटरचे. २०१५ नंतरच्या गाडीला टॉर्क रेंचनं ८९ फूट-पौंडांवर, चांदणीच्या क्रमानं आवळायचे. दुकानातल्या एअर गननं ठोकून बसवलेले नट रस्त्यात हातानं निघत नाहीत.

८. बर्फ

चारही चाकांची ताकद गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक दाबल्यावर तुमच्यात आणि पुढच्या गाडीत फक्त चार तळहातांएवढं रबर असतं. ऑल-सीझन टायर साधारण ४५ अंश फॅरेनहाइटच्या खाली कडक होऊ लागतात. नियमित बर्फात जाणार असाल तर डोंगराची तीन शिखरं आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असलेले टायर घ्या. एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुरेसं समजू नका.

आता ती नाणी. पेनी लिंकनचं डोकं खाली करून नक्षीत घाला. डोक्याचा वरचा भाग दिसला तर २/३२ हूनही कमी, टायर गोटा झालाय. क्वार्टर तसाच घातल्यावर वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग दिसला तर ४/३२ हून कमी, बर्फाला निरुपयोगी. जुनी पेनी उलट बाजूनं, लिंकन मेमोरियलचं छप्पर खाली करून घातली आणि छप्पर झाकलं गेलं, तर किमान ६/३२ आहे. ६/३२ म्हणजेच ३/१६ इंच. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात एवढी खोली लागते, गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी.

हिवाळ्याचे टायर वेगळ्या रिमांवर बसवून ठेवले तर दर मोसमात दुकानाची मजुरी वाचते. जुन्या रिमा विकत घेताना फसू नका: २०१४ पर्यंतच्या आउटबॅकचे बोल्ट ५ बाय १००, २०१५ पासून ५ बाय ११४.३. दिसायला सारख्या, बसत नाहीत.

एक्स-मोड (घसरड्या जागेसाठीचं बटण) २०१५ पासून आहे. चढावर रुतली की तो दाबा. वेग ताशी २५ मैलांच्या वर गेला की तो सुटतो. चाकं जागीच फिरवत बसू नका. आधी टायरपुढचा बर्फ फावड्यानं काढा, मग हळू मागे-पुढे.

९. ऑइल

एफबी इंजिनाला ०डब्ल्यू-२० सिंथेटिक. २०१३ ते २०१९ च्या २.५ ला ५.१ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर), २०२० पासूनच्या २.५ ला ४.४ क्वार्ट. दर ६,००० मैल किंवा सहा महिन्यांनी. मधल्या काळात दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना, सपाट जागी पट्टी बघा. खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक क्वार्टचं अंतर असतं. दिवा लागेपर्यंत थांबलात तर बराच उशीर झालेला असतो. एक क्वार्टची बाटली डिकीत कायम ठेवा.

झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानात एक घोटाळा वारंवार होतो. इंजिनच्या मागेच पुढच्या डिफरन्शियलचा (पुढच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरांचा) आणि सीव्हीटीचा बोल्ट असतो. नवखा पोरगा त्यातला एखादा इंजिनचा समजून खोलतो, गियरचं तेल सांडून देतो आणि इंजिनात वर नवं ऑइल ओततो. इंजिनात दुप्पट, गियरमध्ये शून्य. इंजिनच्या बोल्टला साधा षट्कोनी पाना लागतो, डिफरन्शियलला मोठा चांदणीच्या आकाराचा टी-७०. काम झालं की दुकानाच्या आवारातच पट्टी ओढा. ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर असेल तर गाडी चालू करू नका, पुन्हा वर उचलायला लावा.

सीव्हीटीचं तेल ‘आयुष्यभराचं’ असं सांगितलं जातं. डोंगर, बर्फ आणि सामान असा वापर असेल तर ६०,००० मैलांच्या आसपास बदला, आणि सुबारूचंच तेल घाला. त्याला पट्टी नसते. पातळी ठरावीक तापमानाला बघायची असते, म्हणून हे घरी करायचं काम नव्हे.

१०. काच, बॅटरी, छत

आयसाइटचे (पुढचा धोका ओळखून ब्रेक लावणाऱ्या सुबारूच्या यंत्रणेचे) कॅमेरे पुढच्या काचेला चिकटून बसवलेले असतात. २०१९ पासून ते प्रत्येक आउटबॅकमध्ये आहेत. खडा लागून काच गेली तर नवी काच बसवून भागत नाही, कॅमेऱ्यांचं कॅलिब्रेशनही करावं लागतं आणि बिल फुगतं. विम्यात कॉम्प्रिहेन्सिव्ह (टक्कर सोडून इतर नुकसानीचा भाग) असल्याशिवाय काच मिळत नाही. घेताना काचेसाठी वेगळं डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) किती, आणि कॅलिब्रेशन त्यात धरलंय का, हे दोन्ही विचारा.

२०१५ ते २०२० च्या गाड्यांत बॅटरी उतरण्याची तक्रार बरीच झाली. भारतात महिनाभर जाणार असाल तर बॅटरी टेंडर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावून जा, नाहीतर शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवायला सांगा.

२०१० ते २०१९ च्या गाड्यांच्या छतावरच्या फिरत्या आडव्या दांड्यांना १५० पौंडांची मर्यादा आहे, त्यात सामानाच्या बॉक्सचं वजनही आलं. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेला असतो. पाच मोठी माणसं आणि पाच बॅगा म्हटल्यावर तो सहज ओलांडला जातो.

११. बंद पडली तर

टो करणाऱ्याला फोनवरच सांगा: ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा सपाट ट्रक) पाठवा. दोन चाकं उचलून दोन जमिनीवर ओढत नेली तर क्लच आणि गियरबॉक्स वाटेतच जातात. ट्रक आला आणि तो फ्लॅटबेड नसला तर गाडी हुकला लावू देऊ नका, दुसरा येईपर्यंत थांबा. विम्यातल्या रस्त्यावरच्या मदतीत किती मैलांपर्यंत टोइंग फुकट आहे, तो आकडा आजच बघून ग्लव्ह बॉक्समध्ये, गाडीच्या पुस्तिकेत लिहून ठेवा.